चप्पल घालून हात लाव

आमच्या घरात कुठलीही वस्तू भिंतीत सरळ जात नाही. इस्त्रीची पिन जाड, तर भोक बारीक. चार्जरची पिन बारीक, तर भोकाच्या आत झडप, आणि ती झडप वरच्या भोकात काहीतरी खुपसल्याशिवाय उघडत नाही. मिक्सरची तार इतकी आखूड की मिक्सर ओट्यावर ठेवायचा की बोर्डाला टांगायचा, हा प्रश्न रोज सकाळी चटणीच्या वेळी पडतो. ज्याने हे घर बांधलं त्याला वाटलं असावं की इथे राहणारी माणसं संध्याकाळी एका दिव्याखाली बसून फक्त वाचन करतील. दिवाणखान्यात एक बोर्ड आणि त्यावर एक बारीक सॉकेट. झोपायच्या खोल्यांत तेच. जाड पिनांचे सॉकेट घरभरात दोन. एक न्हाणीघरात गिझरसाठी आणि दुसरा फ्रिजच्या मागे, तिथे हात घालायचा तर आधी फ्रिज सरकवावा लागतो.

हे घर जयपूरला, गोपालपुरा बायपासच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. आजूबाजूला सगळी कोचिंगच्या मुलांची होस्टेलं, आणि एप्रिल लागला की खिडकीखिडकीत कूलर घुमायला लागतात. घरमालक खाली राहतात. निवृत्त, सज्जन, प्रत्येक वाक्यात दोन वेळा 'जी' म्हणणारे. पण दिवाणखान्यात आणखी एक सॉकेट काढून घेऊ का, असं विचारलं की ते भिंतीकडे बघून म्हणायचे, अभी तो पेंट करवाया है. तो पेंट आम्ही येण्याच्याही बराच आधीचा होता. कोपऱ्यात पोपडे धरले होते. मी एकदा ते पोपडे दाखवलेही. त्यांनी बोटाने पोपडा दाबून जागेवर बसवला आणि चहा प्यायला खाली बोलावलं.

आणि खरं सांगायचं तर मीही फार रेटा लावला नाही. मी विमा कंपनीत अधिकारी आहे. दर तीन-चार वर्षांनी बदली होते. नवरा पुण्यात नोकरीला, महिन्यातून एकदा येतो. मी, माझी लेक आणि माझे बाबा, असा आमचा फिरता संसार. बदलीवाल्या घरांची एक रीत असते, ती बाहेरच्यांना कळत नाही. आम्ही काहीही पक्कं करत नाही. पडद्याच्या दांड्या सुतळीने बांधतो. आरसा खुर्चीवर टेकवून ठेवतो. तीन वर्षांसाठी कशाला भिंत फोडायची, हे वाक्य मी इतक्या शहरांत इतक्या वेळा म्हटलंय की माझ्या लेकीला ते पाढ्यांच्या आधी पाठ झालं. तात्पुरत्या गोष्टींत माझी पंचवीस वर्षं गेली.

या रीतीचा पुरावा म्हणजे आमच्याकडचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा. त्यात प्लग जोडायचे ठोकळे. जाडाचं बारीक करणारे, बारीकाचं जाड करणारे, एका भोकाची तीन भोकं करणारे, दोन पिनांचे, तीन पिनांचे, आणि एक असा की तो कशात जातो ते आजवर कोणाला कळलेलं नाही. प्रत्येक बदलीच्या गावात चार-चार घेतलेले. घर बदललं की सामान उतरल्यावर आधी देव काढायचे, मग चहाचं भांडं, मग हा डबा. संध्याकाळपर्यंत घरभर तारा पसरायच्या. सतरंजीखालून, दाराच्या बिजागरीतून, कपाटाच्या पाठीमागून. मी दर आठवड्याला त्यांच्यावर वैतागायचे आणि दर आठवड्याला आणखी एक एक्स्टेन्शन बोर्ड आणायचे.

आता माझं काम सांगितलं की वाचणाऱ्याने कपाळाला हात लावावा. आगीचे दावे माझ्या टेबलावर येतात. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातले कारखाने, गोदामं, गाद्यांच्या आणि प्लास्टिकच्या वर्कशॉप. सर्व्हेअरचा अहवाल येतो, मोठं प्रकरण असेल तर मी स्वतः बघायला जाते. जळलेल्या खोलीत गेलं की मी आधी खाली बघते. बहुतेक वेळा भिंतीपाशी एक वितळलेला काळा गोळा सापडतो, तो एके काळी एक्स्टेन्शन बोर्ड असतो. त्यावर शिलाई मशीन, पंखा, इस्त्री आणि चहाची शेगडी असं सगळं एकाच वेळी चाललेलं असतं. मालक हात जोडून सांगतात की हे तात्पुरतं होतं, पुढच्या महिन्यात वायरिंग करणारच होतो. मी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघते आणि 'निष्काळजीपणा' असा शेरा लिहिते. मग घरी येते, पायातली तार ओलांडते, आणि एका बोर्डाला लावलेल्या तीन तोंडी ठोकळ्यात माझा लॅपटॉप लावते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

बाबा या सगळ्याचे कारभारी होते. अकोला जिल्ह्यात वीज खात्यात त्यांनी बत्तीस वर्षं लाइनमन म्हणून काढली. आई गेल्यावर ते माझ्याकडे राहायला आले. सोबत दोन धोतरं, आईचा फोटो आणि पक्कड, टेस्टर, काळ्या टेपची गुंडाळी. घरात काही बंद पडलं की ते खूश व्हायचे. आता वय झालं. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं टाळतात. स्क्रू फिरवताना हात थरथरतो. मी म्हणायचे की इलेक्ट्रिशियन बोलावू. ते म्हणायचे, "माह्या घरात इलेक्ट्रिशियन? बत्तीस वर्सं तारंवर काढले मी." ज्या माणसाने भर पावसात खांबावर चढून गावाचे दिवे लावले, त्याला त्याच्या म्हातारपणी तुझ्याकडून बोर्ड होणार नाही असं मी म्हणू शकले नाही. माझी चूक तिथूनच सुरू होते, पण तेव्हा ती मला माया वाटायची.

कूलर आम्ही अकोल्याहून आणलेला. पत्र्याचा, मोठा, खाली टाकी, वर पंखा. आमच्याकडे उन्हाळ्यात कूलर म्हणजे घरातलाच माणूस. जयपूरच्या हवेत तो आणखी खुलला. त्याची वायर आखूड होती. दिवाणखान्यातला एकुलता सॉकेट दिवाणामागे, आणि खिडकी समोरच्या भिंतीला. बाबांनी डब्यातली एक तार काढून कूलरच्या वायरीला जोडली. डब्यात होती ती दोन तारांची. कूलरची वायर तीन तारांची. तिसरी, हिरवी, ती अर्थिंगची. पत्र्यात वीज उतरली तर तिने ती जमिनीत न्यायची, माणसातून जाऊ द्यायची नाही, एवढ्याचसाठी ती असते. बाबांनी ती कापून टेपखाली दाबली आणि मला सांगितलं की चांगली तीन तारांची वायर आण, तोवर हे कामचलाऊ आहे. मी बरं म्हटलं. हे मार्चमध्ये. वायर मी आणली नाही. बाबा विसरले, आणि मी विसरले असं म्हणणं खोटं होईल. मी रोज उद्या आणायची ठरवत होते.

कूलरचा प्लग दिवाणापाशी जमिनीवर ठेवलेल्या एक्स्टेन्शन बोर्डात सैल बसायचा आणि मधेच निसटून कूलर बंद पडायचा. म्हणून मीच बाबांना म्हटलं की त्याला टेप गुंडाळून घट्ट करा. त्यांनी असा घट्ट केला की प्लग आणि बोर्ड एकजीव झाले. त्याच बोर्डावर टीव्ही. बटण एकच, भिंतीवर, दिवाणाच्या मागे. ते बंद केलं की टीव्हीही जायचा आणि तो परत लागायला पाच मिनिटं घ्यायचा. बाबा सकाळी बातम्या बघत. म्हणून टाकीत पाणी भरताना कूलर कोणी बंद करत नव्हतं.

मे महिन्यात पत्र्याला हात लावला की झिणझिण्या यायला लागल्या. याचा उपाय आम्हा वऱ्हाडातल्या लोकांना जन्मापासून माहीत असतो. चप्पल घालून हात लाव. आमच्या आळीत प्रत्येक घरात कूलरपाशी एक रबरी चपलांचा जोड असायचा. लहानपणी मला वाटायचं की तो कूलरबरोबरच मिळतो. इथेही बाबांनी निळ्या चपला आणून कूलरच्या स्टँडपाशी ठेवल्या. आयुष्यभर आत पादत्राण न चालणारं आमचं घर, पण त्या जोडाला सूट होती. लेक हिंदीत वाढलेली, तिने विचारलं, "आजोबा, मतलब चप्पल घातली की करंट संपतो का?" बाबा म्हणाले की संपत नाही, पण आपल्यातून जात नाही. तिला ते पटलं नाही. मला पटलं होतं, कारण पटवून घेणं सोयीचं होतं.

आता बाईंबद्दल. झाडू, फरशी आणि भांड्यांना आमच्याकडे येणाऱ्या बाई सांगानेरकडून येत. पन्नाशीच्या, बारीक, डोक्यावरून ओढणी कधी न ढळणाऱ्या. कामाला चोख आणि बोलायला कमी. सकाळी पाण्याची वेळ असते, तेव्हाच त्या येत, म्हणून कूलर भरायचं काम आपोआप त्यांच्याकडे गेलं. न्हाणीघरातून बादली आणायची आणि कूलरच्या बाजूच्या झाकणातून ओतायची. रोज सात-आठ बादल्या. पहिल्या दिवशी मी त्यांना घर दाखवलं तेव्हा एकच अट घातली होती. चपला बाहेर, जिन्यात काढायच्या, कारण स्वयंपाकघरात देव आहेत. त्या म्हणाल्या की हे काय सांगायचं असतं का.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी कामावर निघताना त्या दाराशी आल्या आणि त्यांच्या बोलीत म्हणाल्या, "थांको कूलर काटै छै, मैडमजी." तुमचा कूलर चावतो. मी घड्याळ बघत होते. त्या दिवशी एका गोदामाचं काम होतं आणि गाडी खाली उभी होती. मी म्हटलं की चप्पल घालून भरा. त्या हो म्हणाल्या. माझ्या दोन आज्ञा एकमेकींच्या विरुद्ध होत्या, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. त्यांच्या चपला जिन्यात होत्या, तिथून त्या आत आणायच्या नाहीत असं मीच सांगितलं होतं. कूलरपाशी होत्या त्या आमच्या. दुसऱ्याच्या घरातल्या माणसांच्या चपलेत पाय घालायचा, आणि तोही मालकिणीच्या म्हाताऱ्या वडिलांसमोर, हे त्यांनी मरेपर्यंत केलं नसतं. मी त्यांना विचारायला हवं होतं. त्यांनी त्यांच्या परीने तोड काढली. पायाखाली पायपुसणं घेऊन त्या उभ्या राहायच्या. दोन बादल्यांनंतर ते पायपुसणं ओलंचिंब व्हायचं.

दुसरा शनिवार होता, म्हणून मी घरी होते. स्वयंपाकघरात पोहे भिजवत होते. बाबा दिवाणावर, टीव्ही चालू. लेक क्लासला गेलेली. बादली पडल्याचा आवाज आला. मी आतूनच काहीतरी बोलले, फरशी जपा किंवा असंच. उत्तर आलं नाही. बाई उत्तर द्यायच्याच नाहीत फारशा, पण बादली पडल्यावर माणूस काहीतरी बोलतो. मी हात पुसत बाहेर आले.

त्या कूलरपाशी उभ्या होत्या. उजवा हात झाकणाच्या कडेला, मूठ आवळलेली. डोळे उघडे, माझ्याकडे वळलेले. तोंडातून आवाज नाही. अंग आतून थरथरत होतं आणि बाहेरून ताठ होतं. जमिनीवर पाणीच पाणी. मी धावले, हात पुढे केला. बाबा ओरडले, "हात नको लावू तिले." आयुष्यात ते माझ्यावर असे ओरडले नव्हते. मी जागच्या जागी थांबले, आणि थांबले म्हणून आज हे लिहिते आहे.

बाबा दिवाणामागच्या बटणाकडे वाकले. दिवाण भिंतीला टेकलेला. हात आत जाईना. ते खाली बसले आणि बोर्डातून कूलरचा प्लग ओढायला लागले. प्लग निघेना. त्यांनीच केलेली ती टेप. ते दोन्ही हातांनी ओढत होते, बोर्ड जमिनीवरून उचलला जात होता आणि टीव्हीवर कोणीतरी हवामान सांगत होतं. घरचा मेन स्विच खाली, घरमालकांच्या मीटरच्या कोनाड्यात, कुलूप लावलेला. मी एवढंच बघत होते की बाईंचे डोळे अजून माझ्याकडे आहेत. मग बाबा उठले, प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि तिच्या पायांनी बाईंना कूलरपासून ढकललं. एकदा. दुसऱ्यांदा. हात सुटला. त्या पाण्यात कोसळल्या. शुद्धीवर होत्या. पहिल्यांदा त्यांनी काय केलं असेल, तर डोक्यावरून घसरलेली ओढणी चाचपली.

घरमालकांनी त्यांची गाडी काढली. वाटेत एकही सिग्नल पाळला नाही. जवळच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. तळहात भाजला होता, त्यावर एक पांढरी खाच पडली होती. हृदयाचा आलेख काढला. तो ठीक होता, पण संध्याकाळपर्यंत ठेवायचं म्हणाल्या. मग कागद पुढे ओढून विचारलं की कसं झालं. मी म्हटलं, "कूलर से करंट लगा. चप्पल नहीं पहनी थी."

हे वाक्य माझ्या तोंडून सहज, सफाईने निघालं. मग मला ते ऐकू आलं. कारखानदारांच्या तोंडून मी ते कितीदा ऐकलं होतं. जूते नहीं पहने थे, मैडम. हम तो रोज़ बोलते हैं. प्रत्येक वेळी मला त्या माणसाची किळस यायची. मला स्वतःची आली. आणि त्याच वेळी खाटेवरून बाईंचा आवाज आला, बारीक, पण स्पष्ट. "गलती मेरी है, डॉक्टरजी. मैडमजी ने तो बोला था."

मी डॉक्टरांना म्हटलं की असं नाही. तार चुकीची जोडलेली होती, अर्थिंग नव्हतं, आणि हे मला माहीत होतं. डॉक्टरीणबाईंनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि कागदावर विजेचा धक्का एवढंच लिहिलं. त्यांना तेवढंच लागत होतं. बाकी कुठेच लिहिलं गेलं नाही. बाईंची मुलगी आली, कडेवर बाळ घेऊन. तिने मला दोषही दिला नाही. तिने विचारलं की काम सुटणार तर नाही ना. भांडली असती तर बरं झालं असतं.

सोमवारी मी रजा टाकली आणि इलेक्ट्रिशियन बोलावला. कारखान्यांची कामं करणारा, मध्यमवयीन, कपाळावर आठ्या घेऊनच जन्मलेला. त्याने दिवाण ओढला, बोर्ड बघितला आणि टेप कापली. नंतर भिंतीवरचा सॉकेट उघडला आणि मला बोलावलं. तीन भोकांपैकी वरच्या, म्हणजे अर्थिंगच्या भोकामागे तारच नव्हती. भोक होतं, पितळेची पट्टी होती, मागे काही नाही. त्याने घरातला प्रत्येक सॉकेट उघडून दाखवला. सगळीकडे तेच. घर बांधताना कोणीतरी तिसरी तार वाचवली होती आणि आम्ही सगळे इतकी वर्षं तीन पिना त्या भोकांत भक्तिभावाने खुपसत होतो.

मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. मी बाबांना म्हटलं की बघा, तुम्ही हिरवी तार जोडली असती तरी काही उपयोग नव्हता. त्यांनी त्या उघड्या सॉकेटमध्ये डोळा बारीक करून बघितलं.

"मांगं तार हाये का नाही, हे पाह्यनं माह्यं काम होतं," ते म्हणाले. "लाइनमन मी होतो, घरमालक नाही."

इलेक्ट्रिशियनने भिंती फोडल्या. घरमालक जिन्यात उभे राहून बघत होते. पेंटबद्दल एक शब्द काढला नाही, उलट खालच्या मजल्यावरही बघून जा म्हणाले. नवीन तार जमिनीपर्यंत गेली. कूलरला स्वतःचा जाड सॉकेट मिळाला, खिडकीशेजारी, हाताला येईल असा, त्यावर स्वतःचं बटण. कूलरची वायर पूर्ण नवी, मधे जोड नाही. वीज जमिनीकडे गळायला लागली की एका झटक्यात सगळं बंद करणारा एक स्विच मेनपाशी बसला. त्याने तो मला तीन वेळा दाबून दाखवला. मग चिडून सांगितलं की टेप म्हणजे दुरुस्ती नव्हे, तार सतरंजीखाली घालू नका, इस्त्री आणि कूलर असल्या ठोकळ्यांवर लावू नका, आणि पाणी भरताना बंद करा. मी मान हलवत होते. यातलं एकही वाक्य मला नवीन नव्हतं. सगळं काम दीड दिवसात झालं. तीन वर्षांसाठी कशाला, म्हणून जे पंचवीस वर्षं टाळलं, ते दीड दिवसात. डबा मी कचऱ्यात टाकला. चार दिवसांनी लेकीच्या खोलीत त्यातले दोन ठोकळे सापडले, तेव्हा मी तिच्यावर अशी ओरडले की शेजारच्या होस्टेलच्या मुली गॅलरीत आल्या.

बाई पंधरा दिवसांनी परत आल्या. मी म्हटलं होतं की महिनाभर येऊ नका, पण त्यांना घरी बसवेना. हाताला पट्टी होती. चपला जिन्यात काढल्या. मी म्हटलं की घालून या. त्या हसल्या आणि अनवाणीच आत आल्या. देवांचं काय ते मी बघून घेईन, असंही मी म्हटलं. ती अट माझी होती, पण एव्हाना ती त्यांचीही होती, आणि ती मोडणं माझ्या हातात राहिलं नव्हतं.

कूलर मीच भरणार होते. दोन दिवस भरलाही. तिसऱ्या दिवशी मी न्हाणीघरात असताना त्यांनी बादली उचलली होती. कूलरपासून हातभर अंतरावर उभ्या राहून त्या बाबांना म्हणाल्या, "बाऊजी, बंद है ना?" बाबांनी बटण बंद केलं. बाई हलल्या नाहीत. मग बाबा खिडकीशी गेले, प्लगच काढला आणि तो हातात उंच धरून उभे राहिले, त्यांना दिसेल असा. त्या पुढे झाल्या आणि पाणी ओतलं. सातही बादल्या होईपर्यंत बाबा तसेच उभे होते. मधे मधे ते हात बदलायचे. मग हे रोजचंच झालं. सकाळच्या बातम्या सुटल्या. मी एकदा म्हटलं की बाबा, आता सगळं नीट झालंय, बटण बंद केलं तरी पुरे, खुर्चीवर बसून तरी धरा. ते म्हणाले की बसलं तर तिले दिसत नाही.

जुलैत एका सकाळी बाबा खाली घरमालकांकडे गेले होते. मला उशीर झालेला, पर्स खांद्यावर, खाली गाडी. बाई भरलेली बादली घेऊन आल्या आणि थांबल्या. दिवाणाकडे बघितलं. मी घाईघाईने बटण बंद केलं आणि त्यांना सांगितलं की सगळं नवीन करून घेतलंय, अर्थिंग आहे, स्विच आहे, आता काहीही होणार नाही, मी सांगते ना. त्यांनी आदराने मान हलवली. मी जे बोलेन त्याला त्या नेहमी मान हलवायच्या. बादली त्यांच्या भाजल्या हातात होती, जड होती, आणि ती त्यांनी खालीही ठेवली नाही आणि एक पाऊल पुढेही टाकलं नाही. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. भिंतीतल्या प्लगकडे बघत होत्या.

मी पर्स खाली ठेवली, प्लग ओढून काढला आणि वर धरला.